कायदा हवा की मुद्दा हवा: विभागलेल्या सत्तेत पक्षांची चाल कशी वाचावी

नाशिकला कॉलेज रोड परिसरातल्या एका अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींबरोबर मी आठवड्यातून दोन संध्याकाळी राज्यशास्त्र वाचतो. अमेरिकेत अर्थसंकल्प अडला किंवा राष्ट्राध्यक्षांनी एखादे विधेयक परत पाठवले, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, यात चूक कोणाची?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याच्या उत्तराने हाती काही लागत नाही, कारण ज्याला ज्या पक्षाचा ओढा, त्याला दुसऱ्या पक्षाचा हट्ट दिसतो आणि चर्चा तिथेच संपते. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि विधिमंडळ दुसऱ्या पक्षाच्या ताब्यात, अशी स्थिती असताना विचारण्याचा खरा प्रश्न वेगळा आहे. समोर असलेल्या या विशिष्ट विधेयकावर प्रत्येक पक्षाला कायदा हवा आहे, की निवडणुकीत मांडण्यासाठी मुद्दा हवा आहे? हे ओळखण्याची एक रीत गेल्या काही वर्षांत आमच्या बैठकांमधून घडत गेली, ती इथे सविस्तर मांडतो.

सुरुवातीलाच भारतीय वाचकाची एक सवय बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे लोकसभेतले बहुमत गेले की सरकार जाते, त्यामुळे सरकार आणि कनिष्ठ सभागृह परस्परविरोधी पक्षांच्या हाती दीर्घकाळ राहूच शकत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची मुदत ४ वर्षांची, प्रतिनिधिगृहाची २ वर्षांची आणि सिनेट सदस्याची ६ वर्षांची असते. धोरण पटत नाही म्हणून काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणारे तिथले विधिमंडळ, राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवू शकत नाही आणि राष्ट्राध्यक्ष काँग्रेस विसर्जित करू शकत नाही. एकमेकांना हलवता येत नसल्यामुळे दोघांनाही एकाच घरात राहून व्यवहार करावा लागतो, आणि पक्षांची सारी डावपेचांची भाषा या सक्तीच्या सहवासातून जन्माला येते. शब्दाच्या बाबतीतही एक खबरदारी घ्यावी. आपण ‘मध्यावधी निवडणूक’ म्हणतो तेव्हा मुदतीआधी लादली गेलेली निवडणूक आपल्या डोळ्यांपुढे असते. अमेरिकेतली मध्यावधी निवडणूक मात्र राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर ठरल्या वेळी होणारी नेमाची निवडणूक असते, आणि सत्ता विभागली जाते ती बहुधा याच निवडणुकीत.

आधी आकडे मांडावेत

वहीच्या पहिल्या पानावर बहुमताचे आकडे लिहावेत. प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत आणि साध्या बहुमताला २१८ मते लागतात. सिनेटमध्ये १०० जागा आहेत. तिथे ५१ मतांनी विधेयक संमत होत असले, तरी चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी बहुतेक विधेयकांना ६० मते लागतात. राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरला, म्हणजे संमत विधेयकावर सही न करता ते परत पाठवले, तर तो मोडून काढण्यासाठी दोन्ही सभागृहांत मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्य हवेत, म्हणजे सर्व सदस्यांनी मतदान केल्यास २९० आणि ६७.

यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दोन्हीकडे बहुमत गमावलेल्या राष्ट्राध्यक्षाला आपला नकाराधिकार टिकवायला प्रतिनिधिगृहात १४६ किंवा सिनेटमध्ये ३४ एवढेच लोक धरून ठेवावे लागतात, आणि तेही दोहोंपैकी एकाच सभागृहात. म्हणून अशा काळात राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाच्या विधिमंडळ नेत्याचे काम पालटते. कायदे संमत करून घेण्याऐवजी ही एक तृतीयांश भिंत ढासळू न देणे हे त्याचे मुख्य काम होते. रिपब्लिकन पक्षाचे थोरले जॉर्ज बुश १९८९ ते १९९३ या काळात अध्यक्ष होते आणि चारही वर्षे दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती, तरीही त्यांचा फक्त एक नकाराधिकार मोडला गेला. केबल दूरचित्रवाणीच्या दरांविषयीच्या विधेयकावरचा तो नकाराधिकार ऑक्टोबर १९९२मध्ये मोडला गेला, तेव्हा त्यांची कारकीर्द शेवटाला आली होती.

मात्र जागा म्हणजे मते नव्हेत, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे. १९४७मध्ये कामगार संघटनांवर बंधने आणणारा टाफ्ट-हार्टली कायदा डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी परत पाठवला, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ३३१ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ६८ विरुद्ध २५ अशा मतांनी तो पुन्हा संमत केला. एवढी मते एकट्या रिपब्लिकन पक्षाची असणे शक्यच नव्हते; ट्रूमन यांच्याच पक्षातले, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांतले, अनेक सदस्य पलीकडे गेले होते. पक्षाच्या नावाखाली किती निरनिराळे गट नांदतात, ते आधी पाहिल्याशिवाय गणित जुळत नाही.

मग दोन तारखा

आकड्यांशेजारी दोन तारखा लिहाव्यात. पहिली तारीख पुढच्या निवडणुकीची, जी सम वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये येते. दुसरी तारीख ज्या दिवसानंतर काहीच न करणे महाग पडते त्या दिवसाची: उदाहरणार्थ १ ऑक्टोबर, ज्या दिवशी संघीय आर्थिक वर्ष सुरू होते, किंवा सरकारची कर्जमर्यादा संपण्याचा दिवस. जी विधेयके दुसऱ्या तारखेशी बांधलेली असतात, त्यांवर अखेरीस बहुधा काहीतरी तडजोड होते. ज्यांना अशी तारीख नसते, ती पहिल्या तारखेपर्यंत मुद्दा म्हणून आरामात वापरता येतात.

या ठिकाणी मी प्रत्येक तुकडीला १९४७-४८ची दोन वर्षे अगदी सावकाश वाचायला लावतो, कारण एवढा पूर्ण धडा दुसरीकडे क्वचितच सापडतो. १९४६च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली आणि ट्रूमन १९४८मध्ये निवडून येतील असे मानणारे फार थोडे उरले. त्यांनी टाफ्ट-हार्टलीवर नकाराधिकार वापरला आणि ते हरले. पण त्या हरण्यातूनच कामगार संघटना त्यांच्याकडे वळल्या. म्हणजे कायदा रिपब्लिकनांना मिळाला आणि मुद्दा ट्रूमन यांना. पुढे जुलै १९४८मध्ये पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणात त्यांनी जाहीर केले, की काँग्रेसचे खास अधिवेशन २६ जुलैपासून भरेल आणि रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात घरबांधणी, महागाई यांसारख्या ज्या गोष्टींचे वचन दिले आहे, त्या तिथे आताच करून दाखवाव्यात. जवळपास दोन आठवडे चाललेल्या त्या अधिवेशनातून सांगण्याजोगे फारसे काही निघाले नाही. ट्रूमन यांची अपेक्षाही वेगळी नसावी, असे माझे मत आहे; काँग्रेस काही करत नाही हा त्यांच्या प्रचाराचा गाभा होता आणि त्याचा पुरावा काँग्रेसनेच त्यांच्या हाती दिला. नोव्हेंबरमध्ये ते स्वतः निवडून आले आणि दोन्ही सभागृहेही त्यांच्या पक्षाकडे परतली.

एवढ्यावर थांबले तर धडा अर्धाच राहतो. याच काँग्रेसने, याच राष्ट्राध्यक्षाबरोबर, एप्रिल १९४८मध्ये युरोपच्या पुनर्उभारणीची मार्शल योजना संमत केली, आणि त्यासाठी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष आर्थर व्हँडेनबर्ग यांनी मनापासून खटपट केली. महागाईवर मुद्दा आणि युरोपवर कायदा, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. म्हणून ‘अमुक काँग्रेस आडमुठी होती’ किंवा ‘तमुक काळ सहकार्याचा होता’ असे काळाला एकच लेबल लावू नये. निर्णय विधेयकागणिक करावा.

विधेयकातली मेख शोधावी

एखाद्या पक्षाला कायदा हवा आहे की मुद्दा, हे त्याच्या भाषणांतून कळत नाही, कारण भाषणात प्रत्येक जण कायदाच मागत असतो. ते विधेयकाच्या मजकुरातून कळते. समोरच्याला मान्य होण्याजोग्या विधेयकात, त्याला मुळीच मान्य होणार नाही असे एखादे कलम जोडले असेल, तर ती मेख मारलेली आहे असे समजावे आणि ती मेख निघते का, कधी निघते, यावर लक्ष ठेवावे.

१९९४च्या निवडणुकीत ४० वर्षांनंतर प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाकडे गेले, सिनेटही गेले, आणि डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यापुढे कल्याणकारी मदतीच्या फेररचनेचा प्रश्न आला. क्लिंटन यांनी स्वतःच ही व्यवस्था बदलण्याचे वचन १९९२मध्ये दिलेले होते, त्यामुळे सरसकट विरोध त्यांना परवडणारा नव्हता. त्यांनी दोनदा नकाराधिकार वापरला. पुढे काही काळ विधेयकाबरोबर गरिबांच्या आरोग्य विम्याची, म्हणजे मेडिकेडची, फेररचना जोडलेली होती, आणि ती क्लिंटन स्वीकारणार नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. १९९६च्या उन्हाळ्यात रिपब्लिकन नेतृत्वाने मेडिकेडचा भाग वेगळा काढला. ज्या दिवशी तो वेगळा झाला, त्या दिवशी त्यांना मुद्द्यापेक्षा कायदा अधिक हवासा वाटू लागला होता, असे अनुमान करायला हरकत नाही: त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॉब डोल मागे पडत होते आणि नोव्हेंबरमध्ये स्वतःची जागा राखायची तर मतदारांपुढे ठेवायला काहीतरी केलेले काम हवे होते. क्लिंटन यांनाही निवडणुकीपूर्वी जुने वचन फेडायचे होते. २२ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांनी सही केली, आणि नोव्हेंबरमध्ये क्लिंटन राहिले तसेच रिपब्लिकन बहुमतही राहिले. आपल्या उमेदवाराच्या विजयाची आशा सोडलेला विधिमंडळ पक्ष तडजोडीला अधिक तयार असतो, हे या प्रसंगातून मी मुलांना आवर्जून दाखवतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येत ते येत नाही.

काम बंद पडते तेव्हा

खर्चाचे विधेयक वेळेत संमत झाले नाही की अमेरिकी सरकारची कित्येक कार्यालये बंद पडतात; यालाच शटडाऊन म्हणतात. हा प्रकार समजावायला नाशिक जिल्ह्यात वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, तेव्हा लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. त्या दिवसांत ज्यांच्या घरी कांदा होता त्यांच्या तोंडी एकच हिशेब होता: चाळीतला माल अजून किती दिवस टिकेल, व्यापाऱ्याचा माल कुठे अडकला आहे, आणि शहरातल्या ग्राहकाला भाव चढले की तो कोणाला दोष देईल. बंद किती ताणला जाईल हे घोषणांवर ठरत नाही, थांबणे कोणाला आधी अशक्य होते यावर ठरते.

हीच तीन मोजमापे शटडाऊनला लावावीत. १९९५-९६च्या हिवाळ्यातला २१ दिवसांचा बंद रिपब्लिकन नेत्यांनी क्लिंटन यांना नमवण्यासाठी ताणला, पण लोकांनी दोष प्रामुख्याने काँग्रेसला दिला आणि त्यांना मागे यावे लागले. २०१३मध्ये डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या आरोग्य विमा कायद्याचा निधी रोखण्यासाठी प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकनांनी १६ दिवस काम थांबवले. ओबामा यांच्या दृष्टीने तो कायदा त्यांच्या कारकिर्दीचा कणा होता, त्यामुळे ते वाकण्याची शक्यताच नव्हती. ज्या गोष्टीवर समोरच्याची सारी पत उभी आहे, तीच मागणे म्हणजे व्यवहार नको असल्याचे जाहीर करणे होय.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काम बंद पडले म्हणजे सत्ता विभागलेलीच असणार, हा निष्कर्ष चुकीचा आहे. डिसेंबर २०१८मध्ये सुरू झालेला ३५ दिवसांचा बंद पहिले काही दिवस अशा काळात चालला, जेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांच्याच पक्षाकडे दोन्ही सभागृहे होती. २०२५मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असा ४३ दिवसांचा, तोवरचा सर्वांत लांबलेला बंद झाला, तेव्हाही अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडेच होती; अडले होते ते सिनेटमधल्या ६० मतांपाशी. म्हणून पहिल्या पानावरचे आकडे पुन्हा पुन्हा उघडून पाहावे लागतात.

आपल्याच लोकांशी करावा लागणारा व्यवहार

विभागलेल्या सत्तेत प्रत्येक नेता दोन आघाड्यांवर बोलणी करत असतो: एक समोरच्या पक्षाशी, दुसरी स्वतःच्या पाठीमागे बसलेल्यांशी. दुसरी बहुतेक वेळा अधिक कठीण ठरते. थोरल्या बुश यांनी १९८८च्या प्रचारात नवे कर लावणार नाही असे वचन दिले होते. १९९०मध्ये तूट आवरण्यासाठी त्यांनी डेमोक्रॅटिक नेत्यांशी करवाढीसह तडजोड केली, तेव्हा न्यूट गिंगरिच यांच्या पुढाकाराने त्यांच्याच पक्षाचे सदस्य उलटले आणि प्रतिनिधिगृहाने तो मसुदा पहिल्या फेरीत फेटाळला. प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती केविन मॅकार्थी यांनी २०२३च्या उन्हाळ्यात डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्याशी कर्जमर्यादेवर समझोता केला आणि सप्टेंबरअखेर डेमोक्रॅटिक मतांच्या आधारे सरकारी काम चालू ठेवले. त्यानंतर ३ ऑक्टोबर रोजी त्यांच्याच पक्षातल्या ८ जणांनी विरोधकांबरोबर मत दिल्यामुळे २१६ विरुद्ध २१० मतांनी त्यांचे पद गेले. एखादा नेता उघड दिसणारी, दोघांच्याही हिताची तडजोड का टाळतो, असा प्रश्न पडला की त्याच्या पक्षातली, उमेदवार ठरवणारी पुढची प्राथमिक निवडणूक आणि त्याला आव्हान देऊ शकणारे लोक पाहावेत.

कायद्याचा रस्ता बंद झाल्यावर दोन्ही बाजू आपापल्या आडवाटा वापरतात. राष्ट्राध्यक्ष आदेशांकडे वळतो. ओबामा यांनी २०१२मध्ये लहानपणी देशात आणलेल्या स्थलांतरितांना दिलासा दिला तो प्रशासकीय निर्णयाने, आणि ट्रम्प यांनी २०१९मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. विधिमंडळ चौकशा लावते, महाभियोग आणते, किंवा नुसते स्वस्थ बसते. फेब्रुवारी २०१६मध्ये न्यायमूर्ती स्कालिया यांच्या निधनाने सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली, ओबामा यांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले आणि रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने सुनावणीच घेतली नाही. काही न करणे ही सुद्धा चाल असते आणि वहीत तिची नोंद तारखेसह करावी.

घराबाहेर काढता येत असेल तर

हीच रीत दुसऱ्या देशाला लावताना एक प्रश्न आधी विचारावा: कोणी कोणाला घालवू शकतो का? फ्रान्समध्ये पंतप्रधान संसदेला जबाबदार असतो आणि राष्ट्राध्यक्ष कनिष्ठ सभागृह विसर्जित करू शकतो. १९८६मध्ये उजव्या पक्षांना बहुमत मिळाल्यावर समाजवादी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तेराँ यांनी जाक शिराक यांना पंतप्रधान नेमले, अंतर्गत कारभार त्यांच्याकडे जाऊ दिला, खासगीकरणाच्या अध्यादेशांवर मात्र सही नाकारली, आणि १९८८मध्ये त्याच शिराक यांना अध्यक्षीय निवडणुकीत हरवले. निवडून येताच त्यांनी सभागृह विसर्जित केले. श्रीलंकेत २००१पासून राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा आणि पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे परस्परविरोधी पक्षांचे होते. नोव्हेंबर २००३मध्ये चंद्रिकांनी संरक्षणासह तीन खाती स्वतःकडे घेतली, फेब्रुवारी २००४मध्ये संसद विसर्जित केली आणि एप्रिलच्या निवडणुकीत त्यांची आघाडी सर्वांत मोठी ठरली. विसर्जनाचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या वहीत निवडणुकीची तारीख तो स्वतः लिहितो. त्यामुळे समोरच्याला आपला मुद्दा केव्हा पिकेल याचा अंदाज बांधता येत नाही.

सरावासाठी आपले अंगण

भारताचे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, म्हणून राष्ट्रपती विरुद्ध संसद अशी मांडणी आपल्याकडे करू नये. उत्तरपत्रिकांत ही चूक मला दर वर्षी दिसते. आपल्याकडे त्या स्थितीच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे लोकसभेत बहुमत आणि राज्यसभेत अल्पमत. २०१४नंतरची दोन प्रकरणे शेजारी ठेवावीत. भूसंपादन कायद्यातील बदल विरोधकांनी राज्यसभेत पुढे जाऊ दिले नाहीत. शेतकऱ्याची जमीन हा त्यांच्या दृष्टीने कायद्यापेक्षा मोठा मुद्दा होता, बिहारची निवडणूक तोंडावर होती, आणि संयुक्त बैठकीचा मार्ग घटनेत असूनही सरकारने या बदलांसाठी काढलेला अध्यादेश ३१ ऑगस्ट २०१५ रोजी संपू दिला. वस्तू व सेवा कराचे मात्र तसे झाले नाही. ती घटनादुरुस्ती असल्याने संयुक्त बैठकीचा मार्गच नव्हता, राज्यांना महसूल हवा होता आणि काँग्रेस पक्षाने ही कल्पना स्वतःच पूर्वी मांडलेली होती. सरकारने आंतरराज्य व्यवहारावरचा १ टक्का अतिरिक्त कर काढून टाकला, म्हणजे मेख निघाली, आणि ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेने विधेयक संमत केले.

त्याहूनही जवळचे उदाहरण आपल्या नगरपरिषदांचे आहे. नगराध्यक्षाची थेट निवडणूक राज्यात २०१६मध्ये आली, २०२०मध्ये रद्द झाली आणि २०२२मध्ये पुन्हा लागू झाली. सिन्नर, इगतपुरी, येवला, मनमाड किंवा भगूर यांसारख्या गावात लोकांनी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुसंख्य नगरसेवक दुसऱ्या पक्षांचे निवडून दिले, तर विभागलेली सत्ता एसटीच्या अंतरावर येऊन बसते. अशा गावाची सर्वसाधारण सभा बघायला मिळाली तर विषयपत्रिका मिळवावी आणि प्रत्येक ठरावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कोणाच्या किती मतांनी तो संमत किंवा तहकूब झाला, त्याला कोणती मुदत बांधलेली होती, आणि एकाच ठरावात पाणीपुरवठ्यासारख्या सर्वमान्य कामाबरोबर कोणाला न पटणारे दुसरे काम जोडले होते का. पुढच्या सभेत तोच विषय पुन्हा आला, तर आधीच्या मसुद्याशी तो शब्दशः ताडून पाहावा आणि कोणते वाक्य गळाले आहे ते लाल शाईने खुणावून ठेवावे.